साके आणि जपानी जेवण : कशासोबत काय, आणि किती गरम?

रोक्कोकर

जपानला फिरायला आलेले मित्र-नातेवाईक दारूच्या दुकानात शिरले की पहिला प्रश्न हाच असतो, सगळ्यात भारी साके कुठली? दुकानदार मग साहजिकच दाईगिंजो (खूप घासलेल्या तांदळाची, फळांच्या वासाची) काढून देतो, ती बाटली रात्री उनागी (भाजलेला ईल मासा) नाहीतर याकितोरीसोबत (कोळशावर भाजलेलं चिकन) उघडली जाते आणि मंडळी म्हणतात, काही खास नाही बुवा, नुसता वास वास. यात ना साकेचा दोष ना उनागीचा, जोडी चुकली एवढंच. म्हणून हा धागा काढतोय. मी कोबेला राहतो, नादा म्हणजे साकेच्या भट्ट्यांचा जुना पट्टा घरापासून जवळ, आणि हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे त्यामुळे पोस्ट लांबणार हे आधीच सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. साके म्हणजे तांदूळ, पाणी, यीस्ट आणि कोजी. कोजी ही बुरशी, ती वाफवलेल्या तांदळावर वाढवतात, ती स्टार्चची साखर करते आणि त्याच टाकीत त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करत असतं. दोन्ही कामं एकदम चालू असल्यामुळे डिस्टिल न करताही अल्कोहोल चांगलं चढतं, बाटलीत येताना साधारण १५-१६ टक्के असतं. काही बाटल्यांवर ६०, ५० असे आकडे दिसतात तो तांदूळ पॉलिश करून किती टक्के उरला त्याचा आकडा. ६० किंवा कमी उरला तर गिंजो म्हणता येतं, ५० किंवा कमी तर दाईगिंजो. यामागुचीच्या दास्साईची २३ वाली बाटली प्रसिद्ध आहे, तिथे तांदळाचा २३ टक्केच गाभा ठेवतात. नावात जुनमाई असेल तर वरून अल्कोहोल घातलेलं नाही, होंजोझो असेल तर थोडं घातलंय.

आता मुद्दा. तांदूळ जास्त घासला की बाहेरची प्रथिनं आणि चरबी निघून जाते, कमी तापमानात सावकाश आंबवलं की सफरचंद-केळ्यासारखे फळांचे वास येतात. ही साके नुसती प्यायला किंवा जेवणाच्या सुरुवातीला अप्रतिम. पण त्या प्रथिनांतूनच जेवणासोबत लागणारा उमामी येतो, तो यात कमी. म्हणजे आकडा लहान झाला की दर्जा वाढतो असं नाही, स्वभाव बदलतो. सोया सॉस, मिसो, कोळशावर भाजलेलं काही असेल तर ६५-७० आकड्याची साधी जुनमाई घ्या आणि ती कोमट करा. जुनमाई आणि कोमट, माझं सगळं म्हणणं या दोन शब्दांत आहे.

तापमानाला जपानीत केवढी तरी नावं आहेत. ५ अंशाला युकिबिए, १० ला हानाबिए, १५ ला सुझुबिए, मग गरमच्या बाजूला ४० च्या आसपास नुरुकान, ४५ ला जोकान, ५० ला आत्सुकान. एकच बाटली १० ला, २० ला आणि ४० ला चाखून बघा, विश्वास बसणार नाही इतकी बदलते.

माझ्या घरच्या जोड्या लिहितो, तुमच्या पण लिहा:

ताई किंवा हिरामे असा पांढरा मासा साशिमीत (कच्च्या माशाचे काप) असेल तर निइगाताच्या बाजूची कोरडी हलकी, १० ते १५ अंश. चुतोरो (ट्यूनाचा चरबीदार भाग) किंवा हिवाळ्यातला बुरी मासा असेल तर ही हलकी साके त्या चरबीपुढे दिसतच नाही, तिथे आंबटपणा असलेली जुनमाई हवी, शक्यतो यामाहाई (नैसर्गिक लॅक्टिक बॅक्टेरिया वाढू देऊन केलेली). तेम्पुरा (पिठात घोळून तळलेलं) मिठासोबत खाणार असाल तर थंड होंजोझो, तेन्त्सुयु सॉसमध्ये बुडवून खाणार असाल तर जुनमाई, रूम टेंपरेचरला. उनागीवर गोडसर तारे सॉस आणि वर सान्शो (जपानी मिरी), त्याला किमोतो (यामाहाईसारखीच पद्धत) किंवा यामाहाई ४५ ला, किंवा चांगली मुरलेली कोश्यु (जुनी साके). ओदेनला (रश्शात मंद शिजवलेले पदार्थ) नुरुकान, आणि यावर वाद नको 🙂

*

पाऊसवेडी

वा, मस्त धागा! मी निशि-कासाईत राहते (तोक्योतलं आपलं भारतीयांचं गाव), नवरा सगळं खातो पण मी शाकाहारी. इझाकायात (जपानी बार) गेलं की माझ्यासमोर एदामामे (सोयाबीनच्या शेंगा) आणि बटाटा, साके मागवावी तर सगळ्या शिफारशी माशांच्या. शाकाहारी माणसाने साके कशासोबत प्यावी, कुणी सांगेल का? आणि जिथे दाशी (जपानी स्वयंपाकातला मूळ रस्सा) असते तिथे कात्सुओबुशी (वाळवलेला बोनिटो मासा) असतेच ना?

*

भातखाऊ

रोक्कोकर, लेख आवडला. एक शंका. साके भाताची, मग जेवणात भातासोबत का घेत नाहीत? ऑफिसच्या पार्टीत मी पहिल्यांदाच भात मागवला तर शेजारचे जपानी सहकारी सगळे चमकून बघायला लागले.

*

रोक्कोकर

@भातखाऊ, कारण तिथे भात हा शेवट आहे. काईसेकी (साग्रसंगीत, एकामागून एक पदार्थांच्या) जेवणात बघा, सूप, साशिमी, भाजलेलं, शिजवलेलं असं सगळं साकेसोबत येतं आणि मग अगदी शेवटी भात, मिसो सूप आणि त्सुकेमोनो (लोणची) एकदम आणतात, तो आला की प्यायचं थांबायचं. इझाकायातही शेवटी ओचाझुके (चहा घातलेला भात) किंवा ओनिगिरी (भाताचे गोळे) घेतात. तुम्ही आधीच भात मागवलात म्हणजे त्यांना वाटलं असणार की तुम्ही पिणं आटोपलंत. (चहाच्या समारंभातल्या जेवणात मात्र भात पहिल्याच ताटात येतो, ते वेगळं.) सुशी हा मोठा अपवाद, आणि त्याबद्दल जपानी लोकांतही दोन तट आहेत. काही जुने लोक आधी नुसती साशिमी आणि साके घेतात, निगिरी (भाताच्या गोळ्यावर मासा) सुरू झाली की गरम चहा मागवतात. मला स्वतःला निगिरीसोबत साके आवडते, भातातला व्हिनेगर आहे ना, त्याला थोडी आंबट जुनमाई छान जुळते.

*

सह्यकडा

थोडं असहमत. गरम करून देतात ती स्वस्तातली साके, दोष झाकायला, असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय आणि अमेरिकेत तर सर्रास तसंच असतं. सुशीच्या रेस्टॉरंटमध्ये मशीनमधून उकळती आणून देतात, नाकातोंडात अल्कोहोल जातं. चांगली साके गरम करणं म्हणजे पैसे वाया घालवणं नाही का?

*

रसायनी

@सह्यकडा, उकळती कुठलीही साके वाईटच लागणार. पण कोमट करण्यामागे कारण आहे. साकेत लॅक्टिक, सक्सिनिक, मॅलिक अशी वेगवेगळी आम्लं असतात. मॅलिक (सफरचंदातलं) थंड असताना छान लागतं, लॅक्टिक आणि सक्सिनिक कोमट झाल्यावर मऊ आणि भरदार लागतात. यामाहाई आणि किमोतो पद्धतीत नैसर्गिक लॅक्टिक बॅक्टेरिया वाढू देतात, म्हणून त्या गरम केल्यावर खुलतात. शिवाय तापमान शरीराच्या जवळ आलं की गोडी जास्त जाणवते. उलट फळांच्या वासाची दाईगिंजो ५० ला नेलीत तर वास उडून जातो आणि कडूपणा मागे राहतो, तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे. म्हणजे कुठली गरम करायची हा प्रश्न किमतीचा नाहीये.

आता माशांबद्दल, कारण हे मला फार आवडतं. रेड वाइनसोबत शिंपले किंवा कच्चा मासा खाल्ला की तोंडात एक हिवस वास येतो ना? २००९ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की वाइनमधलं लोह हे त्याचं मोठं कारण आहे. लोह आणि माशातली चरबी एकत्र आली की तो वास तयार होतो. साकेत लोह अगदीच कमी, कारण लोहाने साकेचा रंग आणि वास दोन्ही बिघडतात, म्हणून भट्टीवाले पाणी निवडताना लोहाला जिवावर उठल्यासारखे घाबरतात. त्यांची मर्यादा लिटरला ०.०२ मिलिग्रॅम आहे, पिण्याच्या पाण्याला जपानात ०.३ चालतं.

दुसरी गोष्ट उमामीची. इकेदा किकुनाए यांनी १९०८ मध्ये कोम्बुतून (समुद्री शेवाळ) उमामीची चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं, १९१३ मध्ये कोदामा शिंतारो यांना कात्सुओबुशीत इनोसिनेट सापडलं. ही दोन एकत्र आली की चव बेरजेने वाढत नाही, कित्येक पटींनी वाढते. साकेत ग्लुटामिक अ‍ॅसिड वाइनपेक्षा बरंच जास्त असतं आणि माशात, मांसात इनोसिनेट. म्हणजे दाशी करताना पातेल्यात जे होतं तेच साशिमीवर साकेचा घोट घेतला की तोंडात होतं.

@पाऊसवेडी, यातच तुमचं उत्तर पण आहे. वाळवलेल्या शिताके मशरूममध्ये ग्वानिलेट असतं, तेही ग्लुटामेटसोबत तसंच वागतं. म्हणजे मासा नसला तरी जोडी जमते, मशरूम शोधा.

*

तळ्यावरची

पाऊसवेडी, मी क्योतोत बरीच वर्षं काढली आणि मीही शाकाहारी, तेव्हा सविस्तर लिहिते. दाशीचं तुझं बरोबर आहे, आगेदाशी तोफूचा रस्सा, ओहिताशी, मिसो सूप, सगळीकडे कात्सुओ असते त्यामुळे विचारावंच लागतं. पण शोजिन र्योरी म्हणजे बौद्ध मठांचं जेवण, त्यात दाशी कोम्बु आणि शिताकेची असते. कोयासानला गोमा-दोफू मिळतं, तिळाचं, घट्ट आणि मऊ, वर वासाबी. त्याला थंड हलकी जुनमाई गिंजो इतकी छान लागते!

क्योतोत नान्झेनजी देवळाच्या आजूबाजूला युदोफूची दुकानं आहेत, कोम्बुच्या गरम पाण्यात नुसतं तोफू (बुडवायच्या सॉसचं मात्र विचारून घ्यायचं, त्यात दाशी असू शकते). त्याला फुशिमीची (क्योतोतला साकेच्या भट्ट्यांचा भाग) साके, नुरुकान. फुशिमीचं पाणी मऊ, साके गोलसर आणि सौम्य, म्हणून ती तोफूच्या अंगावर जात नाही. हेच नादाची तगडी साके घेतलीस तर तोफू गायब.

बाकी तुझ्यासाठी यादी: नासु देंगाकु (वांग्यावर गोड मिसो) सोबत कोमट जुनमाई. वसंतात फुकिनोतो आणि तारानोमे अशा रानभाज्यांचा तेम्पुरा येतो, कडवट असतो, मिठासोबत खायचा आणि सोबत निइगाताची कोरडी थंड साके. कडू भाजी आणि कोरडी साके एकमेकींना स्वच्छ करतात. कच्चा युबा (सोया दुधावरची साय) आणि थोडा सोया सॉस. आकिताचा इबुरिगाक्को म्हणजे धुरावर वाळवून मग मुरवलेला मुळा, त्यावर क्रीम चीज, सोबत किमोतो गरम करून. हे तर नवऱ्यालाही हातात देऊ नकोस, संपवेल.

*

पाऊसवेडी

तळ्यावरची ताई, प्रिंट काढून फ्रिजवर लावते हे. इबुरिगाक्को आमच्या सुपरमार्केटमध्ये आहे, मला वाटलं होतं त्यात मासा असेल!

*

खारा_वारा

कोची (आपलं केरळातलं नाही, शिकोकूचं) राहिलंय यादीत. मी तिथे शिकायला होतो. तिथे कात्सुओ नो ताताकी करतात म्हणजे बोनिटोचा तुकडा भाताच्या पेंढ्याच्या जाळावर बाहेरून भाजायचा, आत कच्चा, मग जाड कापून वर लसणाचे काप आणि मीठ. धुराचा वास, रक्ताचा किंचित लोखंडी वास, कच्चा लसूण, इतक्या दणकट गोष्टीला कोची लोक एकदम कोरडी, करकरीत साके देतात, सुइगेई किंवा तोसात्सुरु, आणि ग्लास मोठे. तिथे बेकुहाई नावाचे पेले असतात, तळाला भोक किंवा असा आकार की खाली ठेवताच येत नाहीत, म्हणजे भरला की संपवायचाच.

मला तिथे हे पटलं की गावाचं खाणं आणि गावाची साके एकमेकांना बघून वाढलेली आहेत. पुस्तकातली जोडी नंतर, आधी त्या गावाची बाटली मागवा.

*

रोक्कोकर

@खारा_वारा अगदी अगदी, हे मूळ पोस्टमध्ये यायला हवं होतं. नादाचंच बघा. इथलं मियामिझु नावाचं पाणी कठीण, फॉस्फरस-पोटॅशियम जास्त, लोह जवळजवळ नाही. १८४० मध्ये यामामुरा ताझाएमोन यांच्या लक्षात आलं की त्यांच्या निशिनोमियाच्या भट्टीची साके उओझाकीच्या भट्टीपेक्षा चांगली होते ती या पाण्यामुळे. कठीण पाण्यात यीस्ट जोमात चालतं, साके कोरडी आणि कण्याची होते. ती जहाजांनी एदोला (आजचं तोक्यो) जायची, आणि एदोचं खाणं म्हणजे गडद सोया सॉस, सोबा (नूडल्स), उनागी. जुळलं. उलट हिरोशिमाकडे पाणी मऊ, तिथे त्या पाण्यात आंबवणं नीट जमायचं नाही, मिउरा सेन्झाबुरो यांनी १८९८ मध्ये मऊ पाण्याची पद्धत छापून सगळ्यांना खुली केली आणि पुढे गिंजोचा रस्ता तिथून गेला. हिरोशिमाच्या कालवांसोबत तिथली किंचित गोड मऊ साके घेऊन बघा, कालवाचा खारटपणा आणि ती गोडी, आहाहा.

आणि सर्वात ठळक उदाहरण शिगाचं. बिवा तलावातला निगोरोबुना मासा मिठात आणि मग भातात कित्येक महिने मुरवतात, फुनाझुशी. वास असा की नवखा माणूस खोलीबाहेर जातो. त्याला दाईगिंजो दिलीत तर दोन्ही वाया. यामाहाई गरम करून द्या, आंबटाला आंबट भेटतं आणि मागे फक्त चीजसारखा खोल स्वाद राहतो.

*

सह्यकडा

रसायनी, रोक्कोकर, पटतंय हळूहळू. मग घरी गरम कशी करायची? मायक्रोवेव्ह चालेल का? इथे न्यूजर्सीत तोक्कुरी (साकेची सुरई) मिळाली आहे.

*

रोक्कोकर

मायक्रोवेव्हमध्ये वरची गरम आणि खालची गार राहते, घाईत केलीच तर मध्येच काढून हलवा. नीट करायची तर पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, मग साके भरलेली तोक्कुरी गळ्यापर्यंत पाण्यात उभी ठेवा. दोन-तीन मिनिटांत ४० च्या आसपास येते, तोक्कुरीच्या जाडीवर अवलंबून. तळ हाताला सुखद गरम लागला की काढा, स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर उत्तम. गॅस चालू ठेवून करू नका, पटकन ६० च्या वर जाते आणि मग तुम्ही म्हणता तसं नाकात जातं.

अजून एक, सोबत साधं पाणी ठेवा, याला यावारागी-मिझु म्हणतात. जेवढी साके तेवढं पाणी. तोंड स्वच्छ राहतं आणि दुसऱ्या दिवशी डोकं ठिकाणावर राहतं.

*

दुभाषी_पुणे

मी जपानी भाषेच्या निमित्ताने चाकणच्या कंपन्यांत येणाऱ्या जपानी पाहुण्यांसोबत बरंच जेवते, टेबलावरचं थोडं सांगते. आपली ओचोको (साकेचा छोटा पेला) आपण भरायची नाही, शेजारच्याची भरायची, तो तुमची भरतो. ओतताना तोक्कुरी दोन्ही हातांनी धरायची, घेताना ओचोको एका हातात आणि दुसरा खाली. नको असेल तर पेला भरलेला ठेवा, रिकामा दिसला की कोणीतरी भरणारच. न पिणाऱ्यांनी संकोच करू नये, ऊलाँग चहा मागवला तर हल्ली कोणी काही म्हणत नाही, कान्पाईला (चिअर्स) फक्त ग्लास उचलायचा.

पुण्या-मुंबईत जपानी रेस्टॉरंटात साके मिळते पण आयात शुल्कामुळे किंमत खूप होते, म्हणून लोक एकच बाटली घेतात आणि ती सगळ्या जेवणाला पुरवतात. अशा वेळी काय घ्यावं?

*

तळ्यावरची

एकच घ्यायची तर जुनमाई गिंजो नको, साधी जुनमाई किंवा तोकुबेत्सु जुनमाई घे. साशिमीला थंड ओत, याकितोरी आली की उरलेली कोमट करून माग. एका बाटलीच्या दोन होतात.

*

रसायनी

+१. फक्त लेबलवर 'नामा' लिहिलेलं नाही ना ते बघा. ती पाश्चराइज न केलेली, सतत फ्रिजमध्ये लागते, भारतापर्यंतच्या प्रवासात बिघडू शकते. बाटलीवर बाटलीबंद केल्याची तारीख असेल तर तीही बघा, आणि दुकानात उन्हात किंवा ट्यूबखाली उभी असलेली घेऊ नका, प्रकाशाने साके फार लवकर खराब होते.

*

भातखाऊ

सोबाच्या दुकानात लोक दुपारीच साके घेऊन बसलेले दिसतात, ते काय प्रकरण?

*

रोक्कोकर

ती तोक्योची फार देखणी सवय आहे. सोबा यायच्या आधी इतावासा (कामाबोको म्हणजे माशाच्या वडीचे काप आणि वासाबी), याकिनोरी (भाजलेलं समुद्री शेवाळ), दाशिमाकी तामागो (जपानी ऑम्लेट) असे लहान पदार्थ आणि एक तोक्कुरी, घाई न करता. मग थंड सोबा खायचा, सोबाचं उकळलेलं पाणी प्यायचं आणि उठायचं. इथे वास मारणारी साके चालतच नाही, सोबाच्या पिठाचा वास नाजूक असतो. होंजोझो, रूम टेंपरेचर किंवा नुरुकान. होंजोझोला लोक नाक मुरडतात, वरून अल्कोहोल घातलंय म्हणून, पण ते थोडं अल्कोहोल वास मोकळा करतं आणि शेवट स्वच्छ करतं. सोबा, तेम्पुरा, भाजलेला खारा मासा या तीन ठिकाणी मी जुनमाईच्या आधी होंजोझो घेईन, आणि ती स्वस्तही असते.

*

खारा_वारा

ओदेनवाल्यांसाठी, तोक्योत आकाबानेला ओदेनच्या स्टॉलवर दाशिवारी मिळते. वन कप साके अर्धी-पाऊण प्यायची आणि उरलेल्यात ओदेनचा गरम रस्सा घालून घ्यायचा, वर शिचिमी मसाला. हिवाळ्यात उभ्याने प्यायची. रोक्कोकर, ओदेनला नुरुकान यावर वाद नको म्हणालात, पण हे त्याहून वरचं आहे.

*

रोक्कोकर

हे मान्य :) त्याच वळणाची हिरेझाके, फुगु माशाचा वाळवलेला पर (कल्ला नव्हे, पोहायचा पंख) खरपूस भाजून कडकडीत साकेत टाकतात, झाकण ठेवतात, मग काडी लावून वरची वाफ जाळतात. तिथे ७०-८० अंशच लागतात, कोमट केली तर पराचा स्वाद उतरत नाही आणि हिवस लागते. तिथे महागाची साके घालू नये, साधी घ्यावी.

*

पाऊसवेडी

सप्टेंबरमध्ये दुकानात 'हियाओरोशी' असे बोर्ड लागतात, ती वेगळी असते का? आणि नोतोची (इशिकावातलं द्वीपकल्प) साके घ्यायची इच्छा आहे, भूकंपानंतर मिळते का?

*

तळ्यावरची

हियाओरोशी हिवाळ्यात गाळतात, वसंतात एकदा पाश्चराइज करून उन्हाळाभर गार कोठारात ठेवतात आणि शरदात दुसऱ्यांदा न तापवता बाटलीत भरतात. तोपर्यंत तिचा तिखटपणा उतरतो. त्याच दिवसांत सानमा मासा, मात्सुताके मशरूम, गिंकोच्या बिया येतात. नवऱ्याला सानमा मीठ लावून भाजून दे, बाजूला किसलेला दाईकोन (मुळा), आणि तू शिताके किंवा माइताके भाजून घे, वरून सुदाची (छोटं आंबट लिंबू) पिळ. दोघांना एकच बाटली चालेल, थंड नको, फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेव.

नोतोची मिळते. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात तिथल्या बऱ्याच भट्ट्या पडल्या, पण दुसऱ्या भट्ट्यांनी आपल्या टाक्या आणि जागा देऊन त्यांची साके बनवायला मदत केली, काही ठिकाणी ढिगाऱ्यातून तांदूळ आणि मोरोमी (आंबत असलेलं मिश्रण) वाचवून आणली होती. सोगेन, चिकुहा ही नावं लेबलवर शोध. नोतोचे तोजी म्हणजे मुख्य कारागीर देशभर नावाजलेले, त्यांची साके भरदार असते, त्यामुळे सानमालाही जाईल आणि तुझ्या देंगाकूलाही. गरम करायची असेल तर ४५ पर्यंत बिनधास्त ने.

*

पाऊसवेडी

शनिवारी तोक्यो स्टेशनजवळ याएसूला जाणारच आहे, तिथे इशिकावाचं दुकान बघते. मिळाली की ४० आणि ४५ दोन्हीला करून इथे लिहिते.